पहाटेचे दुखणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा, मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढलेला मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस भाषणासाठी सुचविलेला विषय 'आजचे शिक्षण आणि पालकांचे कर्तव्य' हा होता. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसास या विषयावर बोलण्यास तयारी लागत नाही, आणि आपणांसही तो ऐकण्यास तयारी लागत नाही, कारण तो आपण दरवर्षी ऐकता. म्हणून अध्यक्षांची अनुज्ञा घेऊन आम्ही विषय बदलला आहे. त्याचे कारण असे की, गतवर्षीच्या स्मरणिकेतील श्रद्धांजलीचे पान वाचीत असता आमच्या ध्यानी आले की त्यांतील दोन गृहस्थांच्या दुखवट्यास आम्ही स्वतः गेलो होतो, आणि दोन्ही घरी आम्ही एकच वाक्य ऐकले होते : "ग्यासेसमुळे दुखत असेल असे वाटले." दोघेही साठीच्या आतले. एकाने रात्रभर ओवा चघळला, दुसऱ्याने सोडा घेतला. तेव्हा छातीच्या दुखण्याविषयी काही बोलावे असे मनात आले. वैद्यकाचे ज्ञान आम्हांस नाही. आम्ही मॅट्रिक झालेले, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून शिक्षक झालेले साधे गृहस्थ. परंतु स्वतःच्या छातीतील दुखण्याचे नाव शोधण्यात आम्ही संपूर्ण एक वर्ष घालविले. त्या वर्षाची हकीकत आम्हांस ठाऊक आहे, आणि तिच्यात आमचा स्वतःचा जो अपराध आहे तोही आज सांगावयाचा आहे.

२०२२ सालचा नोव्हेंबर महिना. कार्तिकीची वारी आटोपून गल्लीतील मंडळी पंढरपुराहून नुकतीच परतली होती. पहाटे साडेचारच्या सुमारास आम्हांस एकाएकी जाग आली. छातीच्या मध्यभागी कोणी जात्याची वरची तळी आणून ठेवावी असे ओझे जाणवत होते. दुखणे म्हणावे तर ते टोचत नव्हते, कापत नव्हते. नुसते दाबत होते. डावा जबडा जड झाला, कपाळावर थंड घाम आला. आम्ही उठून खाटेच्या कडेवर बसलो. आठ-दहा मिनिटांत ओझे जसे आले तसेच उतरले. सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे चालत सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत गेलो, दर्शन घेतले, परत आलो. यत्किंचितही त्रास झाला नाही. तेव्हा आम्ही आमचे निदान स्वतःच करून टाकले : रात्रीच्या कडक भाकरी-शेंगाचटणीचा हा प्रताप. नऊ दिवसांनी तेच घडले. त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा. मग पंधरा दिवस काही नाही, इतके की आम्ही विसरलोही. विसरलो की ते येई.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पहिल्याच पहाटे आम्ही रुग्णालयात जावयास हवे होते. छातीवर ओझे, जबड्यात कळ आणि थंड घाम ही तिन्ही एकत्र आली असता घरी बसून चटणीस दोष देणे हा मूर्खपणा होता. तो आमच्या अंगलट आला नाही ही केवळ ईश्वराची कृपा. आपल्या राज्यात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक आमच्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक लिहिलेला होता, तो आम्हीच लिहिला होता, आणि तरीही आम्ही ओव्याची डबी शोधली.

डिसेंबरात सौ.ने बळेच आम्हांस नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छातीवर तारा लावून हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. तो निर्दोष आला. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिने त्या घेतल्या. पोट बरे झाले, पहाट बरी झाली नाही. मग मकरसंक्रांत आली. गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे आले होते, नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यास घर भरलेले, आणि त्या गर्दीत पहाटे आम्ही न्हाणीघरात दार लावून भिंतीला टेकून बसलो होतो, कोणास कळू नये म्हणून. पुढे एकाने क्षयाची शंका घेऊन छातीचे क्ष-किरण चित्र काढविले. तेही स्वच्छ. एकाने फासळ्यांच्या कूर्चा सुजल्या असाव्यात म्हणून बोटांनी छाती दाबून पाहिली आणि मलम दिले. मार्चमध्ये फिरत्या पट्ट्यावर चालविण्याची परीक्षा झाली. आम्ही नऊ मिनिटे चाललो. तेथील तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वयाची माणसं सहाव्या मिनिटालाच थांबतात." आम्हांस परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्याचा आनंद झाला. हा आनंद तीन दिवस टिकला.

त्यानंतर ज्या सद्गृहस्थांकडे गेलो, त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांनी सर्व कागद चाळले, चष्मा काढला, आणि सौ.कडे पाहून म्हणाले, "निवृत्तीनंतर असे होते. यांना कशात तरी गुंतवा." म्हणजे दुखणे मनाचे ठरले. बंधूंनो, मनाचे दुखणे खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. भयाने छाती आवळते आणि तोही एक खरा आजार आहे, त्यासही उपचार आहे. परंतु ज्या पद्धतीने ते वाक्य उच्चारले गेले, त्याचा अर्थ 'तुम्ही लबाडी करता' असाच आम्ही घेतला. शाळेत पोट दुखते म्हणून रडणाऱ्या कित्येक मुलांना आम्हीही "गृहपाठ झालेला दिसत नाही" असे म्हटलेले आहे. ती मुले त्या दिवशी रस्त्याने घरी येताना एकेक करून आठवली.

घरी येऊन आम्ही एक दोनशे पानी वही काढली आणि हजेरीपत्रकासारख्या रेघा आखल्या. तारीख, घड्याळाची वेळ, किती मिनिटे, त्या वेळी काय करीत होतो, रात्री काय खाल्ले, घाम आला की नाही, कशाने थांबले, कोणते औषध चालू आहे. या वहीचा हेतू निदान हा नव्हता, हेही कबूल करतो. हेतू आपला शब्द खरा करण्याचा होता. कोणी लबाड म्हटले तर दाखविण्यास कागद असावा, इतकाच.

ही वही आखीत असता आमच्या मनात वडिलांचा विचार आला, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे अवश्य आहे. कारण येथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी ती कथा घडलेली आहे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि त्यापुढील शंभर वर्षे आपल्या समाजाचे पोट माग आणि गिरणी या दोहोंवर चालले. आमचे वडील एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. ज्यांनी ते खाते पाहिले नाही त्यांना सांगतो : कापूस पिंजून, विंचरून त्याचा पेळू करण्याचे ते काम. हवेत कापसाची तूस धुक्यासारखी तरंगे. वडील घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत, आणि आम्हा मुलांना त्याचे हसू येई. त्यांना दर सोमवारी छाती भरून येण्याचा त्रास होता. रविवारी सुटीत बरे असत, सोमवारी पाळीवरून येताना जिना दोनदा थांबून चढत, बुधवार-गुरुवारपर्यंत पुन्हा बरे. आमची आई शेजारणींना सांगे, "सोमवार आला की यांची छाती भरते." कोणी म्हणे वार वाईट आहे, शंकराचा उपास धरा. वडिलांनी उपासही धरला.

पुष्कळ वर्षांनंतर आम्हांस कळले की त्या दुखण्यास नाव होते. त्यास बिसिनोसिस म्हणतात. कापूस, ताग, अळशीच्या सुताच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा विकार. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची ओळख. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात या आजाराच्या पायऱ्या ठरविल्या, त्या कामगाराची छाती कोणत्या वारी भरते या प्रश्नावर. पहिल्या दिवसापुरतीच भरत असेल तर आजार आरंभी आहे; इतर दिवशीही भरू लागली तर तो पुढे गेला आहे; आणि पुढे गेल्यावर काम सोडूनही श्वास परत येत नाही. आपल्या देशातही कामगार-नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात या रोगाचे नाव आहे. म्हणजे आमच्या अशिक्षित आईने जे वाक्य शेजारणींपाशी बोलून दाखविले, तेच वाक्य निदान होते. ते योग्य माणसापाशी बोलले गेले नाही. वडिलांना क्षयरोगी समजून औषधे चालली. १९७९ साली ते गेले. त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा पास, दोन चिठ्ठ्या आणि एक वाळलेले बेलाचे पान निघाले. एकाही चिठ्ठीवर सोमवारचा उल्लेख नव्हता.

असो. वहीकडे वळू. २०२३ च्या एप्रिल-मे मध्ये सात नोंदी झाल्या. जूनमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी, काही तरी हृदयाचेच असेल अशा समजुतीने, ठोके मंद करणारी एक गोळी सुरू केली. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत नोंदी झाल्या एकवीस. आम्हांस वाटले, आजार वाढला. ऑगस्टमध्ये मुलाने पुण्याहून येऊन हट्ट धरला आणि मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढले, ज्यास अँजिओग्राफी म्हणतात. पडद्यावर आमच्या हृदयाच्या वाहिन्या पळसाच्या पानावरील शिरांप्रमाणे दिसत होत्या. कोठेही अडथळा नाही, एके ठिकाणी किंचित खरखरीतपणा तेवढा. "गुरुजी, वाहिन्या स्वच्छ आहेत. हृदयरोग नाही," असे सांगून ती गोळीही बंद केली. निज श्रावणात सत्यनारायण घातला. शिरा वाटला. आठव्या दिवशी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, ती जात्याची तळी पुन्हा छातीवर आली.

त्या पहाटेइतके एकाकी आम्हांस आयुष्यात कधी वाटले नाही. पूर्वी निदान शंका तरी होती. आता सर्व कागदांनी एकमुखाने आम्हांस निरोगी ठरविले होते. मुलास दूरध्वनी केला तर तो बिचारा म्हणाला, "बाबा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" यात त्याचा काय दोष? दुखणे आमच्या बाजूस आणि पुरावा दुसऱ्या बाजूस, असा तो खटला होता. आम्ही नोंद मात्र केली. सवय, दुसरे काय.

ऑक्टोबरात एका वयस्क वैद्यकतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कागदांची पिशवी बाजूस ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, ती वही द्या आधी." बाहेर रोगी ताटकळत असता त्यांनी पंधरा मिनिटे ती वाचली. मग पेन्सिलीने वेळेच्या रकान्यात खुणा करीत गेले. अडतीस नोंदींपैकी तेहतीस पहाटे तीन ते सहाच्या दरम्यानच्या होत्या. आम्ही स्वतः ती वही लिहिली. हिशेब मात्र कधी केला नव्हता! इतकी वर्षे मुलांना उदाहरणे सोडविण्यास सांगणाऱ्या माणसाची ही गत. दुसरे त्यांनी दाखविले ते जून-ऑगस्टमधील नोंदींचे पीक, आणि त्यासमोरील गोळीचे नाव. ते म्हणाले, ही गोळी बहुतेक हृदयरोग्यांना उपकारक असते, हजारो लोकांचे प्राण तिने राखले आहेत, परंतु एका विशिष्ट प्रकारच्या छातीदुखीत ती कधी कधी उलटते. (ही गोष्ट ऐकून येथे कोणी उद्यापासून आपली गोळी बंद करील तर ते पाप आमच्या माथी येईल. आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून तसे काही करू नये, ही हात जोडून विनंती.)

मग त्यांनी विचारले, "तंबाखू, विडी?"

आम्ही म्हणालो, "नाही."

शाळातपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांस पटसंख्या सांगावी त्या आवाजात म्हणालो. ही गोष्ट त्या वर्षात सहाव्यांदा विचारली गेली होती आणि सहाही वेळा आम्ही हेच उत्तर दिले होते. शिक्षक विडी ओढतो हे कसे सांगावे? शिवाय घरी कोणास ठाऊक नव्हते, अशी आमची समजूत होती.

शेजारच्या खुर्चीवरून सौ. म्हणाल्या, "अहो, खरं सांगा की. पहाटे एक असते, अन् रात्री गच्चीवर दोन."

छत्तीस वर्षांच्या संसारात इतकी शरम आम्हांस वाटली नव्हती. त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. आणि त्याहून एक खोल गोष्ट आहे. आमच्या आईने विड्या वळून आम्हांस शिकविले. आपल्या समाजात किती माउलींनी मांडीवर सूप घेऊन घर चालविले हे येथे सांगणे न लगे. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणावयाची, पाने भिजवून कापावयाची, हजारी भरावयाची, आणि तपासणाराने काढून टाकलेल्या विड्यांचा तोटा सोसावयाचा. आमच्या पाटीपेन्सिलीचे, फीचे, अध्यापन विद्यालयातील जेवणाचे पैसे त्या सुपातून आले. आई म्हणे, "आपण वळायची, ओढायची नाही." आम्ही ती अध्यापन विद्यालयात असतानाच ओढू लागलो, आणि आईच्या सुपातील नव्हे, विकत घेऊन, एवढ्याच तात्त्विक फरकावर चाळीस वर्षे मनाची समजूत घातली.

डॉक्टरांनी मोठ्या सभ्यपणाने काहीच शेरा मारला नाही. केवळ लिहून घेतले. मग सांगितले की आपण चोर पहाटे पकडण्याऐवजी दुपारी पंचनामे करीत बसलो आहोत. आतापर्यंतचे सर्व आलेख दुखणे नसताना काढलेले. तेव्हा अंगावर बाळगण्याचे यंत्र लावून पहाटेचा आलेख घ्यावयाचा.

या यंत्राची कथा मनोरंजक आहे, ती विद्यार्थ्यांसाठी सांगतो. हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याची युक्ती हॉलंडच्या आइन्थोवन या शास्त्रज्ञाची, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालविण्यास पाच माणसे लागत, आणि रोगी दोन्ही हात व एक पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. पुढे अमेरिकेच्या माँटाना प्रांतातील नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा आलेख घेण्याचे मनावर घेतले, तेव्हा १९४९ च्या सुमाराचे त्यांचे पहिले यंत्र पाठीवर वाहावयाचे असून अडतीस किलोच्या आसपास भरे. म्हणजे धान्याचे अर्धे पोते. आज आमच्या गळ्यात जे अडकविले ते काडेपेटीहून थोडे मोठे होते. त्यास होल्टर हेच नाव आहे.

पहिल्या खेपेस ते चोवीस तास बाळगले, आणि त्या पहाटे आम्ही तान्ह्या मुलासारखे गाढ झोपलो. काही उमटले नाही. दुखणे यावे म्हणून देवाची प्रार्थना करणारे रोगी विरळाच; दुसऱ्या खेपेस, अठ्ठेचाळीस तासांसाठी यंत्र लावले असता, आम्ही तीही केली. दुसऱ्या पहाटे चार वाजून सव्वीस मिनिटांनी ते आले. आम्ही यंत्राची खूण करण्याची कळ दाबली, वहीत नोंद केली, आणि वेदनेतही आम्हांस एक विलक्षण समाधान वाटले.

आलेखात चार-सव्वीसच्या आधीपासूनच रेघ वर चढू लागली होती आणि आठ मिनिटांनी खाली आली होती. डॉक्टरांनी तो कागद सौ.ला दाखविला, कारण त्यांच्या मते खरा साक्षीदार त्याच होत्या. निदान असे : हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिनीस पेटका येतो. पोटरीत झोपेत गोळा येतो आणि मग सुटतो, तद्वत वाहिनीच्या भिंतीतील स्नायू आवळतो, रक्त थांबते, काही मिनिटांनी सैल होतो. सैल झाल्यावर चित्र काढले तर वाहिनी स्वच्छच दिसणार. श्रमाने हा प्रकार सहसा होत नाही. विश्रांतीत, विशेषतः उत्तररात्री व पहाटे होतो. म्हणूनच पट्ट्यावर आम्ही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो.

छातीच्या या जातीच्या दुखण्याचे पहिले सविस्तर वर्णन लंडनच्या विल्यम हेबरडन यांनी १७६८ साली तेथील वैद्यमंडळापुढे वाचले. चालताना, विशेषतः चढावर व जेवणानंतर छाती आवळते आणि थांबले की सुटते, असे ते नेहमीचे दुखणे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हृच्छूल हा शब्द आहेच. परंतु नेमके उलटे वागणारे, विश्रांतीत येणारे आणि आलेखाची रेघ वर उचलणारे हे दुखणे वेगळे आहे, हे अमेरिकेतील मायरन प्रिंझमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडले. आमच्या जन्माचेही तेच साल. जपानात याचा अभ्यास फार झाला आहे, कारण तेथे ते अधिक आढळते. मोठ्या केंद्रांत वाहिन्यांचे चित्र काढतानाच विशिष्ट औषध देऊन पेटका आणून पाहण्याची परीक्षाही करतात. आणि या पेटक्यास चेतविणाऱ्या ज्ञात कारणांत धूम्रपानाचे नाव सर्वांत वर आहे.

"हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर?" आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, "तर कदाचित मीही पहाटेचा आलेख आधी मागितला असता. कदाचित." ते 'कदाचित' त्यांनी आमच्या समाधानासाठी दोनदा उच्चारले, असे आम्हांस वाटते.

उपचार दोन. एक, वाहिनीचा स्नायू सैल ठेवणारी गोळी, रोज रात्री. दुसरी, पेटका आला असता बसून जिभेखाली ठेवावयाची लहानशी गोळी. ही दुसरी ज्या कुळातील आहे त्याचा मूळपुरुष नायट्रोग्लिसरीन. विल्यम मरेल यांनी १८७९ साली ते छातीदुखीवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या जिल्ह्यात विहीर खणताना खडक फोडण्यास जो सुरुंग लावीत, त्या डायनामाइटाचा जीवही तोच. ज्यांनी डायनामाइट शोधले त्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयविकार झाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच औषध सांगितले, आणि दैवाच्या या थट्टेविषयी त्यांनी एका पत्रात लिहूनही ठेविले. तिसरा उपचार कोणता हे आपण ओळखलेच असेल. तो सौ.नी त्याच संध्याकाळी गच्चीवरील कुंडीमागचे बंडल काढून अमलात आणला. तो सोपा होता असे आम्ही म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे आम्ही घरातील सर्वांवर खेकसलो, नातवावर सुद्धा.

आता माता-भगिनींसाठी दोन शब्द. आपल्या दुखण्याचे निदान आमच्याहूनही कठीण, कारण आपण ते सांगतच नाही. स्त्रियांत व मधुमेह असलेल्यांत हृदयाचे दुखणे पुष्कळदा छातीत न जाणवता पाठीत, जबड्यात, पोटाच्या वरच्या भागात जाणवते, किंवा नुसता दम व विलक्षण थकवा येतो. धुण्याचा पिळा टाकताना पाठ भरून येते म्हणून जी बाई चुन्याचे बोट लावून घेते, तिचा आलेख निघाला पाहिजे. उलट, सर्वच छातीदुखी हृदयाची नसते हेही खरे. जेवणानंतर आडवे होताच जळजळ वर येणे बहुधा पित्ताचे. एका बोटाने दाखविता येते व दाबल्यावर वाढते ते बहुधा फासळीचे. दीर्घ श्वासासरशी टोचते ते फुप्फुसाच्या आवरणाचे असू शकते. एका बाजूस पट्ट्यासारखी आग होऊन तीन-चार दिवसांनी फोड उठले तर ती नागीण. परंतु ही वर्गवारी घरी ओट्यावर बसून करावयाची नव्हे. पहिल्या आलेखात काही न निघाले तरी हृदय निर्दोष ठरत नाही; रक्तातील ट्रोपोनिन नावाचे द्रव्य काही तासांच्या अंतराने दोनदा तपासतात ते त्यासाठीच. आपल्या शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यास जोडलेले मोठे सर्वोपचार रुग्णालय आहे. वीस मैलांवरून बैलगाडीने रोगी आणण्याचे दिवस गेले. आता अंतर फक्त आमच्या भिडेचे राहिले आहे.

निदान झाल्यावर त्या थंडीत तीन नोंदी झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर पाच महिने रकाना कोरा होता. जुलैत एक झाली, जिभेखाली गोळी ठेवताच चार मिनिटांत थांबली. गोळीची कुपी या क्षणी आमच्या खिशात आहे. आम्ही पूर्ण बरे झालो आहोत काय, असे कालच एका स्नेह्यांनी विचारले. डॉक्टर म्हणतात, सांभाळून राहा. गोळी चुकवू नका.

ती दोनशे पानी वही येथे टेबलावर ठेविली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. मे महिन्यातील एका पानावर आंब्याचा डाग आहे, त्यास क्षमा असावी. तिच्यातील रकान्यांप्रमाणे एक कोष्टक आम्ही छापून घेतले आहे, शंभर प्रती, त्या कार्यवाहांकडे आहेत, विनामूल्य. आम्ही सहा वेळा खोटे बोललो तो तंबाखूविषयीचा रकाना त्यात पहिलाच घातला आहे, आणि तो घरातील दुसऱ्या माणसाने भरावा अशी सूचना खाली दिली आहे. छपाईचा खर्च सौ.नी दिला. विड्यांच्या वाचलेल्या पैशांतून दिला, असे त्या सर्वांना सांगतात. हिशेब आम्ही तपासलेला नाही.